फिलिपिनो माणसाचं मन ऐकताना: समुपदेशकांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी

आखातातल्या एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन करत असताना एक फिलिपिनो परिचारिका माझ्याकडे आली होती. झोप लागत नव्हती, मानेत आणि पाठीत सारखी कळ होती, ड्युटीवर हात थरथरत होते. रक्ताच्या, थायरॉइडच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. तिसऱ्या भेटीत कळलं की पगारातला मोठा हिस्सा ती गावी पाठवते: धाकट्या भावाची फी, आईची औषधं, वादळात उडालेलं मामाच्या घराचं छप्पर. मी शिकले होते त्याप्रमाणे विचारलं, "यातलं थोडं बंद केलं तर? 'नाही' म्हणायची मुभा स्वतःला दिलीस तर?" ती हसली, "हो मॅम, बघते" म्हणाली, आभार मानून गेली आणि पुन्हा आली नाही. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

चूक माझी होती आणि ती मला बरीच उशिरा कळली. तिला जगायचं बळ ज्या माणसांमुळे मिळत होतं, त्यांनाच मी तिचा आजार ठरवलं होतं. 'आईबापाचे पांग फेडणं' हा शब्दप्रयोग ज्या भाषेत आहे त्या भाषेत मी वाढले, तरी तिथे तो मला आठवला नाही. माझं मानसशास्त्र इंग्रजीतून आलेलं होतं आणि सेशनमध्ये मी त्याच्याच शब्दांत विचार करत होते.

आखातातली रुग्णालयं, जहाजं, ब्रिटनमधली सरकारी आरोग्यसेवा, कॅलिफोर्नियातली क्लिनिक्स, या सगळीकडे मराठी डॉक्टर, समुपदेशक आणि परिचारिका फिलिपिनो लोकांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. वैद्यकीय शिक्षणासाठी दावाओ आणि मनिलाला गेलेले भारतीय विद्यार्थीही हजारांनी आहेत. त्यांच्यासाठी, आणि अशा लोकांना प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी, हा लेख आहे.

सुरुवात डोक्यातली यादी पुसण्यापासून

'फिलिपिनो संस्कृती' असं शोधलं की एक ठरावीक यादी हाती येते: हिया म्हणजे लाज, उतांग ना लोओब म्हणजे उपकाराची परतफेड, पाकिकिसामा म्हणजे सगळ्यांशी जुळवून घेणं, बाहाला ना म्हणजे दैववाद. बहुतेक प्रशिक्षणवर्गात हीच यादी एका स्लाइडवर असते. ती पाठ करून सेशनला बसलेला समुपदेशक काहीच न वाचलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो, असं माझं मत आहे. ती यादी कुठून आली हे बघितलं की कारण कळतं.

फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य होतं, त्यानंतर मधली जपानी वर्षं सोडता १९४६ पर्यंत अमेरिकेचं. विद्यापीठातलं मानसशास्त्र अमेरिकेतून, इंग्रजीतून आलं. फिलिपिनो माणसाच्या वागण्याचं वर्णनही परक्या मोजपट्टीने झालं, आणि त्यात तो सतत उणा दिसत राहिला: फार लाजाळू, फार मिंधा, फार दैवावर हवाला ठेवणारा.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन विर्हिलियो एनरिकेझ फिलिपिन्स विद्यापीठात परतले आणि त्यांनी 'सिकोलोहियांग पिलिपिनो', म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्र, उभं केलं. १९७५ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यांचा आग्रह असा की माणसाचं मन त्याच्या भाषेतल्या शब्दांतून समजून घ्यायचं. वरवरच्या मूल्यांखाली त्यांना एक गाभ्याची कल्पना सापडली: कापवा. याचं इंग्रजी भाषांतर 'इतर' असं होतं आणि तिथेच अर्थ निसटतो. कापवामध्ये मी आणि तू दोघंही असतो. समोरचा माणूस माझ्यासारखाच, माझ्यातच सामावलेला आहे ही ती जाणीव.

आता यादीतले शब्द पुन्हा बघा. इतिहासकार झेउस सालाझार यांनी 'हिया' या शब्दाला लागणारे प्रत्यय तपासले. 'नाहिहिया' म्हणजे संकोच वाटतोय. 'हिनिया' म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाणउतारा केला. 'माहियाइन' म्हणजे स्वभावाने भिडस्त. नुसतं 'लाज' म्हटलं की हे सगळं एका डब्यात कोंबलं जातं. हिया म्हणजे माणसात वावरताना काय शोभतं आणि काय नाही याचं भान, असा अर्थ त्यांनी लावला. मराठीत 'भीड' आणि 'मर्यादा' हे दोन शब्द शेजारी ठेवले तर आपण त्याच्या बरेच जवळ पोचतो. 'वालांग हिया', म्हणजे ज्याला हिया नाही असा, ही तिथे फार जहरी शिवी आहे.

बाहाला ना हे तर थेट उदाहरण. अमेरिकन अभ्यासकांना त्यात 'देवावर सोडून मोकळं होणं' दिसलं. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लागमाय यांनी माणसं हे शब्द प्रत्यक्षात कधी उच्चारतात ते पाहिलं. पुढचं काहीच दिसत नसताना, साधनं अपुरी असताना, तरीही उडी घेण्याआधी माणूस स्वतःला धीर देतो तेव्हा ते उच्चारले जातात. मराठीत आपण म्हणू, 'होईल ते होईल, बघू!' हे म्हणणारा माणूस हातपाय गाळून बसलेला नसतो. तुमच्यासमोर बसलेली बाई "बाहाला ना" म्हणाली तर फाइलमध्ये 'हताशपणा' लिहिण्याआधी तिला विचारा, "म्हणजे आता तुम्ही काय करायचं ठरवलंय?"

भाषेची ओळख, आणि ओळखीचा धोका

मराठी माणसाला तगालोग ऐकताना मधूनच ओळखीचं काहीतरी कानावर पडतं. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'दिवाता' म्हणजे रानातली देवता, 'बुधी' म्हणजे सदसद्विवेक, 'दुखा' म्हणजे दैन्य, हाल. जुन्या सागरी व्यापारातून मलय भाषेमार्गे गेलेले हे संस्कृत शब्द आहेत. ऐकून जीव हरखतो. पण 'हिंदी' म्हणजे तगालोगमध्ये 'नाही', हेही लक्षात असू द्या. शब्द सारखा म्हणजे अर्थ सारखा असं धरून चाललात तर चुकाल.

आणि तगालोग म्हणजे सगळा फिलिपिन्स नव्हे. तिथे दीडशेहून अधिक भाषा आहेत. सेबूचा माणूस सेबुआनो बोलतो, ताक्लोबानचा वाराय, इलोइलोचा हिलिगायनोन, उत्तर लुझोनचा इलोकानो. मिंदानावमध्ये मुस्लिम समाज आहेत, लुमाद आदिवासी आहेत. खुद्द सिकोलोहियांग पिलिपिनोवरही मनिला आणि तगालोगकडे झुकल्याची टीका झालेली आहे, आणि ती मला रास्त वाटते. म्हणून नोंदणीच्या कागदावर 'राष्ट्रीयत्व' विचारून थांबू नका. "घरी आईशी कुठल्या भाषेत बोलता?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत हवा. इंग्रजी उत्तम बोलणारा माणूसही रडतो ते आईच्या भाषेत.

पहिल्या भेटी: परक्याचं 'आपलं' होणं

या लेखातला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेते.

एनरिकेझ आणि त्यांच्या सहकारी कार्मेन सांतियागो यांनी दाखवलं की फिलिपिनो माणूस समोरच्याला दोन गटांत बघतो: 'इबांग-ताओ', म्हणजे बाहेरचा माणूस, आणि 'हिंदी इबांग-ताओ', म्हणजे बाहेरचा नसलेला, आपल्यातला. बाहेरच्याशी वागण्याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली नुसत्या सौजन्याची, मग मिसळणं, मग सहभागी होणं, जुळवून घेणं आणि शेवटी सोबत करणं. त्यानंतर उंबरा येतो. उंबऱ्याच्या आत तीन पायऱ्या: एकमेकांच्या मनाचा भरवसा वाटणं, गुंतणं आणि एक होणं.

गंमत बघा, बाहेरच्या पाचही पायऱ्यांवर माणूस तुमच्याशी अत्यंत गोड वागतो. हसतो, मान डोलावतो, वेळेवर येतो, प्रश्नावली पूर्ण भरतो. समुपदेशकाला वाटतं, छान चाललंय. माझी ती परिचारिका तिन्ही भेटींत पहिल्या पायरीवरच उभी होती, आणि मी तिला उंबऱ्याच्या आतला प्रश्न विचारला होता.

मग प्रत्यक्षात करायचं काय? पहिली भेट शक्यतो लांब ठेवा आणि अर्ध्याहून जास्त वेळ कागदांना हात लावू नका. संमतीपत्रं आवश्यकच आहेत. पण आधी पाणी, चहा आणि बोलणं. "कुमाइन का ना बा?", म्हणजे "जेवलीस का?", हा तिथला रोजचा कुशलप्रश्न आहे. आपल्याकडेही 'जेवलात का' विचारल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, त्यामुळे हे आपल्याला शिकावं लागत नाही. फक्त व्यावसायिकपणाच्या नावाखाली आपण ते दाबलेलं असतं.

वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घाला. 'होय' म्हणताना 'ओपो'. मराठीतल्या 'अहो'चं काम हा एक अक्षरी शब्द करतो. वयाने थोड्या मोठ्या बाईला 'आते', पुरुषाला 'कुया', आईवडिलांच्या वयाच्यांना 'तिता' आणि 'तितो'. पण विचारून घ्या: "मी तुम्हाला काय म्हणू?" आल्या आल्या नावाने हाक मारणारा तरुण समुपदेशक वयस्क माणसाला उर्मट वाटतो, आणि तो तसं कधीच बोलून दाखवणार नाही.

ते तुमच्याबद्दल विचारतील. लग्न झालंय का, मुलं किती, घरी कोण असतं. आपण शिकलेलो असतो की असे प्रश्न क्लायंटकडे परतवायचे. इथे तसं करू नका. यालाच 'पागतातानोंग-तानोंग' म्हणतात: विचारपूस, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. मोजकं, खरं उत्तर द्या. "मला एक मुलगी आहे, ती पुण्यात आजीकडे असते" एवढं वाक्य कधीकधी महिन्याभराचं काम करतं. स्वतःचं दुःख मात्र त्यांच्यापुढे मांडू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ते खाऊ आणतील. त्याला 'पासालुबोंग' म्हणतात. बाहेरून येताना घरच्यांसाठी आणायचा खाऊ हाच त्याचा अर्थ. नियमांकडे बोट दाखवून तो नाकारला तर तुम्ही दार लावून घेतलंत. संस्थेकडून आधीच लेखी ठरवून घ्या: खाण्याच्या छोट्या वस्तू घ्यायच्या, सगळ्यांत वाटायच्या, नोंद करायची, पैसे आणि महाग भेटी घ्यायच्या नाहीत.

एक गोष्ट मराठी समुपदेशकांसाठी खास. आखातात भारतीय घरांमध्येही फिलिपिनो बायका घरकामाला असतात. रुग्णालयात डॉक्टर भारतीय आणि परिचारिका फिलिपिनो, ही रचनाही सर्रास दिसते. तुम्ही खोलीत शिरता तेव्हा तिला तुमच्यात 'मॅडम'च्या घरची माणसं दिसू शकतात. हे मनात धरून बसा, आणि योग्य वेळी उघडपणे बोला: "माझ्या देशाच्या लोकांकडून तुम्हाला त्रास झाला असेल तर तोही मला सांगू शकता."

न बोललेलं ऐकणं

एनरिकेझ यांच्या मांडणीत कापवाच्या लगोलग येणारा शब्द आहे 'पाकिकिरामदाम': समोरच्याला काय वाटतंय ते तो न बोलताही आपल्याला जाणवणं. ज्या समाजात तोंडावर 'नाही' म्हणणं हा समोरच्याचा अपमान ठरतो, तिथे बहुतेक नकार आणि बरीच दुःखं अशीच पोचवली जातात.

"ओके लांग पो", म्हणजे "ठीक आहे". हे उत्तर फार वेळा ऐकाल. ते कसं आलं ते बघा: लगेच की थांबून, डोळे वर की खाली, पाठोपाठ हसू आलं का. हसू आलं म्हणजे वेदना नाही असं समजू नका. शोकाच्या मधोमध विनोद करणं तिथे फार सहज आहे.

दुःखाचे शब्द बहुतेकदा 'लोओब' या शब्दाभोवती फिरतात. लोओब म्हणजे आत, आतला माणूस. 'सामा नांग लोओब' म्हणजे आत साठलेला कडवटपणा, जवळच्याने दुखावल्याचा सल. 'लाकास नांग लोओब' म्हणजे आतलं बळ, धैर्य. 'माबिगात आंग लोओब', आत जड झालंय. तुम्ही "तुम्हाला डिप्रेशन आलंय असं वाटतं का?" विचारलंत तर उत्तर 'नाही' येईल. "आत जड वाटतंय का? कधीपासून?" असं विचारा. 'तामपो' नावाची एक भावना आहे, तिला इंग्रजीत नीट शब्द नाही. मराठीत आहे: रुसवा. जवळच्याने दुर्लक्ष केलं की माणूस बोलणं कमी करतो, जेवणावर येत नाही आणि त्याने मनवायला यावं म्हणून वाट बघतो. पाश्चात्त्य प्रशिक्षण यावर 'अप्रत्यक्ष आक्रमकता' अशी चिठ्ठी चिकटवतं. आपल्याला ती चूक करायचं कारण नाही. मात्र क्लायंट तुमच्यावरच रुसला असेल, दोन भेटी चुकवल्या असतील, तर फोन करायचा असतो. 'यायचं असेल तर येईल' असं म्हणून बसून राहिलात तर ते नातं संपलं.

शरीराच्या तक्रारी शरीराच्याच म्हणून ऐका. थरथरणारे, घामेजणारे हात दाखवून कुणी 'पास्मा' म्हणेल. तापलेल्या, थकलेल्या शरीराला एकदम गार पाणी लागलं की पास्मा होतो, अशी समजूत आहे. म्हणून इस्त्री केल्यावर लगेच हात धुवायचे नाहीत. त्यावर वाद घालू नका. शारीरिक कारण तपासून घ्या आणि मग विचारा, एवढं तापणं आणि थकणं कशामुळे झालं. पुष्कळदा खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आजार कुठून आला, असं त्यांना वाटतं?

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत संस्कृती समजून घेण्यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. तिचा सांगाडा चांगला आहे, पण प्रश्न ओळीने विचारू नका, गप्पांमध्ये विरघळवा. तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: याला तुम्ही काय म्हणता, तुमच्या आजीने याला काय म्हटलं असतं, आणि माझ्याकडे येण्याआधी कुणाकडे गेलात.

उत्तरात 'उसोग' येईल: अनोळखी माणसाच्या नजरेने किंवा कौतुकाने बाळ आजारी पडणं. आपली दृष्ट लागणं. अल्बुलार्यो येईल, म्हणजे गावचा जडीबुटीवाला आणि मांत्रिक. 'हिलोत' येईल, अंग चोळून देणारा. अल्बुलार्यो 'तावास' नावाचा विधी करतो. तावास म्हणजे तुरटी. ती तापवून, किंवा मेण वितळवून पाण्यात सोडून, जो आकार होतो त्यावरून त्रास कुणामुळे झाला ते सांगतात. दृष्ट काढताना तुरटी विस्तवावर टाकून तिच्यात कुणाचं तोंड उमटलं ते बघणाऱ्या आज्या आपल्याही घरांत होत्या. म्हणून इथे मराठी समुपदेशकाला नवलही वाटू नये आणि वरचढपणाही.

विधी निरुपद्रवी असेल तर चालू राहू द्या. औषध बंद करायला सांगितलं जातंय का, अंगाला इजा होते आहे का, कर्ज काढून पैसे दिले जाताहेत का, एवढं मात्र स्पष्ट विचारा. देशात सुमारे ऐंशी टक्के लोक कॅथलिक आहेत, त्यामुळे पाद्रीबाबा बहुधा तुमच्या आधी भेटलेले असतात. त्यांच्याशी ओळख ठेवा. क्लायंटच्या परवानगीने त्यांना उपचारात घेता आलं तर एकटेपणा बराच कमी होतो.

पैसा, आई आणि समुद्रापलीकडचं घर

दर वर्षी सुमारे वीस लाख फिलिपिनो कामगार परदेशात असतात. घरोघर कुणीतरी समुद्रापलीकडे आहे. मुलं आजीकडे वाढतात, आई व्हिडिओ कॉलवर अभ्यास घेते, आणि काही महिन्यांनी 'बालिकबायान' खोका गावी जातो: साबण, चॉकलेटं, बूट, कॉर्न्ड बीफचे डबे. त्या खोक्याबद्दल विचारा. त्यात काय भरलं, कुणासाठी, काय राहून गेलं. मला ज्या गोष्टी दहा थेट प्रश्नांनी कळल्या नाहीत त्या एका खोक्याच्या यादीतून कळल्या आहेत.

उतांग ना लोओब म्हणजे 'लोओब'चं ऋण. सावकाराचं कर्ज फेडून संपतं, हे संपवायचं नसतं; ते नातं धरून ठेवतं. त्यामुळे 'सीमारेषा आखा' हा सल्ला तिथे 'माणसं तोडा' असा ऐकू जातो. मी आता वेगळं विचारते. आधी ऋणाचा मान: "तुमच्या आईने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा." मग: "तुम्ही आजारी पडून घरी परतलात तर आईला काय वाटेल?" आणि मग आम्ही दोघी कागदावर हिशोब मांडतो: किती पाठवायचं, किती तब्येतीसाठी ठेवायचं, आणि ते आईला कुठल्या शब्दांत सांगायचं. सांगायचं वाक्य तिच्याच भाषेत, तिनेच घडवायचं, मोठ्याने म्हणून बघायचं. गरज पडली तर गावातली मोठी बहीण किंवा मावशी मध्यस्थ. अवघड गोष्ट तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगणं ही तिथली मान्य रीत आहे.

मात्र ऋणाच्या नावाखाली छळ चालू असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, मारहाण असेल, तर संस्कृतीचा आदर म्हणून गप्प बसू नका. तिथे सुरक्षितता आधी.

गट, गप्पा आणि चर्चचा हॉल

८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळ, फिलिपिन्समध्ये ज्याला योलांदा म्हणतात, विसायास बेटांवर आदळलं. सहा हजारांहून अधिक माणसं गेली, ताक्लोबान उद्ध्वस्त झालं. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ देशात नव्हतेच. लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. त्यानंतर तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 'कातातागान' नावाचा गटकार्यक्रम तयार केला. शब्दाचा अर्थ कणखरपणा. त्यात सहा सत्रं आहेत: स्वतःची बळं ओळखणं, शरीराच्या प्रतिक्रिया सांभाळणं, विचार आणि भावना हाताळणं, रोजच्या कामांकडे परतणं, उपाय आणि आधार शोधणं, पुढचा बेत आखणं. आशय बराचसा वर्तनोपचारासारखाच आहे. फरक आहे तो बसण्याच्या रीतीत: लहान गट, आपली भाषा, गप्पा, खाणं.

लॉस अँजेलिसमध्ये फिलिपिनो पालकांसाठी पालकत्वाचे वर्ग घेतले गेले, त्यामागचं शहाणपणही असंच आहे. 'मुलाचं मानसिक आरोग्य' म्हटलं तर कुणी येत नाही, 'चांगले पालक होऊ या' म्हटलं तर आईवडील दोघंही येतात. नावात काय आहे म्हणतात, पण दारावरची पाटी वाचूनच माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो. तुमच्या गटाला 'नैराश्य आधारगट' म्हणू नका; 'कुमुस्ताहान', म्हणजे खुशाली विचारण्याची बैठक, म्हणा.

गटात एकच मोठी अडचण येते: 'चिसमिस', कुजबुज. परदेशातला फिलिपिनो समाज छोटा असतो, सगळे एका चर्चमध्ये, एका वसतिगृहात. गुप्ततेचा नियम एकदा वाचून दाखवणं पुरत नाही. प्रत्येक बैठकीत तो पुन्हा म्हणा, आणि दुभाषी कधीही त्याच इमारतीतला, त्याच वॉर्डातला घेऊ नका.

जिथे घाई करायची

वर सांगितलेला सगळा धीमेपणा एका ठिकाणी सोडायचा. आत्महत्येचा विचार जाणवला तर त्याच भेटीत थेट विचारा. धर्मात ते पाप मानलं जातं, म्हणून माणूस आपणहून बोलणार नाही; "सकाळी जाग आली नाही तर बरं होईल, असं वाटतं का?" इथून सुरुवात करा आणि नंतर सरळ शब्द वापरा. विचारल्याने विचार बळावत नाही. साधनं दूर करणं, रात्री सोबत कोण असेल ते ठरवणं, तातडीची सेवा गाठणं, हे सगळं तिथल्या तिथे. फिलिपिन्समधल्या कुटुंबीयांसाठी राष्ट्रीय मानसिक आरोग्य केंद्राची हेल्पलाइन आहे, क्रमांक १५५३. तो क्रमांक तुमच्या टेबलावर लिहिलेला असावा.

हे शिकवायचं कसं

एका दिवसाची 'सांस्कृतिक सक्षमता' कार्यशाळा घेऊन काही साधत नाही. मी दहा आठवडे मागते, आठवड्याला तीन तास.

पहिले दोन आठवडे प्रशिक्षणार्थीने फक्त स्वतःकडे बघायचं. 'फिलिपिनो' म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं ते लिहायचं: मोलकरीण, परिचारिका, हॉटेलातली गायिका, खलाशी. त्या चित्रात वकील का नाही, कवी का नाही, यावर बोलायचं. या टप्प्यावर इतिहास शिकवा. कोविडच्या पहिल्या लाटेत अमेरिकेतल्या परिचारिकांपैकी फिलिपिनो सुमारे चार टक्के होत्या, पण परिचारिकांच्या संघटनेच्या सप्टेंबर २०२० च्या मोजणीत मृत परिचारिकांपैकी जवळपास एक तृतीयांश फिलिपिनो होत्या. हा आकडा फळ्यावर लिहा आणि वर्गाला कारणं शोधू द्या.

फिलिपिनो प्रशिक्षणार्थींना वेगळं काम लागतं. परदेशात वाढलेल्या अनेकांना आईवडिलांनी मुद्दाम तगालोग शिकवलेली नसते, उच्चारावरून मुलाला कुणी हसू नये म्हणून. आपल्या लोकांविषयीची ही खोल अढी मोजण्यासाठी ई. जे. आर. डेव्हिड आणि सुमी ओकाझाकी यांनी २००६ मध्ये वसाहतवादी मानसिकतेची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. ती वर्गात निदानासाठी नव्हे, तर बोलणं सुरू करण्यासाठी वापरा, आणि निकाल कुणालाही दाखवायला लावू नका.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रशिक्षणार्थीने समाजात जायचं, पण समुपदेशक म्हणून नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरा, बास्केटबॉलच्या सामन्यात पाणी वाटा, खोका भरायला मदत करा. काही विचारायचं नाही, फक्त असायचं. याला 'पाकापा-कापा' म्हणतात, अंधारात चाचपडत वाट काढणं, आणि ती सिकोलोहियांग पिलिपिनोची मान्य अभ्यासपद्धत आहे. दर आठवड्याला एक पान लिहून आणायचं: आज मी कुठल्या पायरीवर होतो, आणि ते मला कशावरून कळलं?

पुढचे आठवडे सरावाचे. समाजातली एक वयस्क बाई शिक्षिका म्हणून बोलवा आणि तिला व्याख्यात्याएवढंच मानधन द्या. फुकटात बोलावून वर 'समाजाचा सहभाग' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती 'ओके लांग पो' तीन प्रकारे म्हणेल. प्रत्येकातला अर्थ प्रशिक्षणार्थीने ओळखायचा. चुकला तर तीच सांगेल. मग 'नाही' न म्हणता दिलेला नकार, रुसलेल्या क्लायंटला करायचा फोन, खाऊचा स्वीकार. प्रत्येक प्रसंग दोनदा करायचा, दुसऱ्यांदा इंग्रजी टाळून.

सुपरव्हिजनमध्ये केस ऐकताना एक प्रश्न माझा ठरलेला असतो: "क्लायंटने तुला तुझ्याबद्दल काय विचारलं?" उत्तर 'काहीच नाही' असेल तर नातं अजून दाराबाहेर आहे, आणि तंत्राची चर्चा त्या आठवड्यात बंद.

हे प्रशिक्षण पदवीधरांपुरतं ठेवू नका. फिलिपिन्सच्या २०१८ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही सेवा बारांगायपर्यंत, म्हणजे वाडीवस्तीपर्यंत, नेण्याचं बंधन घातलं आहे. तिथे पोचणारी माणसं आपल्या आशाताईंसारखी गावातलीच असतात. त्याच वर्षी मनिलात रॅमन मॅगसेसे पुरस्कार घेणाऱ्यांत मुंबईचे डॉ. भरत वाटवानी होते, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना कर्जतच्या केंद्रात बरं करून घरी पोचवणारे. आजारी माणसाला त्याच्या माणसांत परत नेणं हे त्यांचं काम तिथल्या श्रोत्यांना 'कापवा' या शब्दामुळे लगेच उमगलं असेल, असं मला वाटतं.

निरोप

शेवटच्या भेटीची तयारी तीन भेटी आधी सुरू करा. उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसाला 'आपलं काम संपलं' हे वाक्य नातं तोडल्यासारखं लागतं. ते शेवटच्या दिवशी पानसित, म्हणजे शेवया, घेऊन येतील. त्या लांब असतात म्हणून दीर्घायुष्याच्या मानतात. बसून त्यांच्याबरोबर खा. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तसंच इथे "पुन्हा कधीही या" हे नियम म्हणून नव्हे, तारीख घालून सांगा. मी तीन महिन्यांनंतरचा एक दिवस वहीत लिहिते आणि त्या दिवशी फोन करते. विचारते, "कुमुस्ता पो?" मग आई कशी आहे, भावाचं कॉलेज कुठवर आलं, खोका पोचला का. फोन ठेवताना ते "इंगात पो" म्हणतात, म्हणजे सांभाळून राहा, आणि पुढचा दिवस मी तेव्हाच वहीत मांडते.